ट्रॅकर ‘ऑफलाइन’ दिसतोय म्हणजे नक्की काय बिघडलंय? (गाड्या आणि कंटेनर, दोन्हीवाल्यांनी लिहा)

डेपो_डेस्क
नमस्कार मंडळी. आमच्याकडे ट्रक, ट्रेलर आणि कंटेनर असं मिश्र काम आहे, सगळ्यांवर ट्रॅकर आहेत पण वेगवेगळ्या वेळी घेतलेले, त्यामुळे मॉडेलंही वेगवेगळी. रोज सकाळी स्क्रीन उघडली की काही ठिपके लाल असतात, टेक्निशियन जातो, डिव्हाइस बदलतो, जुनं काढून आणतो, आणि तेच जुनं टेबलावर सप्लायला लावलं की मस्त चालतं! मग ते दुसऱ्या गाडीत जातं आणि थोड्या दिवसांनी तिथेही लाल.
लक्षणं सांगतो. काही ट्रक रात्री गायब होतात आणि सकाळी आपोआप परत येतात. काही गाड्या यार्डात उभ्या असताना नकाशावर फिरतात आणि किलोमीटरही वाढतात. एक बॅच अशी आहे की ठिपका रस्त्याच्या लांब पडतो, कधी थोडा कधी खूपच. आणि कंटेनर जहाजावर चढला की मुका होतो, उतरला की बऱ्याचदा बॅटरी संपलेली. सुरुवात कुठून करायची ते सांगा, कारण प्रत्येक वेळी नवीन डिव्हाइस हे काही उत्तर नाही.

पॅकेट_बघणारी
दादा, पहिल्यांदा तो लाल ठिपका विसरा. सर्व्हरला ठराविक वेळात मेसेज आला नाही एवढंच तो सांगतो, का आला नाही ते सांगत नाही. डिव्हाइसची तीन कामं असतात: वीज घेणं, जागा शोधणं आणि ती जागा कळवणं. यातलं कुठलं थांबलंय ते कळल्याशिवाय गाडीजवळ जाऊच नका.
आणि ते टेबलावरून कळतं. कच्चा लॉग (आलेल्या मेसेजची मूळ नोंद) उघडा आणि त्यात तीन वेळा शोधा. उपग्रहावरून शेवटचा फिक्स (पक्की जागा) कधी मिळाला ती, डिव्हाइसने मेसेज कधी बनवला ती, आणि सर्व्हरला तो कधी पोचला ती. फिक्स जुना पण मेसेज ताजा असेल तर सिम, एपीएन (सिमचं इंटरनेट सेटिंग), सर्व्हर सगळं ठीक आहे, त्रास अँटेनाचा किंवा आकाशाचा. फिक्स आणि मेसेज दोन्ही वेळेवर पण सर्व्हरला दोन तास उशिरा, आणि एकदम गठ्ठ्याने आले, तर जीपीएस उत्तम आहे, मोबाइल नेटवर्क नव्हतं आणि डिव्हाइसने मेमरीत साठवून नंतर पाठवलं. आणि मधल्या काळाचं नंतरसुद्धा काहीच आलं नाही, साठवलेलंही नाही, तर डिव्हाइसला वीजच नव्हती किंवा ते झोपलं होतं. बरेच लोक या तिन्हींना एकच बिघाड समजतात आणि तिन्हींवर एकच औषध देतात, डिव्हाइस बदला. ते मला फार खटकतं, कारण चांगला माल भंगारात जातो आणि मूळ दोष गाडीतच राहतो.

सोल्डर_आणि_क्रिम्प
ताईंचं शंभर टक्के बरोबर. रात्री गायब होणाऱ्या ट्रकबद्दल मी सांगतो, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे.
मोठ्या ट्रकला बॅटरी कट-ऑफ स्विच असतो, ड्रायव्हर रात्री तो पाडतो आणि ते योग्यच आहे, आगीचा धोका कमी होतो. पण ट्रॅकरची लाल वायर त्या स्विचच्या पुढे घेतली असेल तर स्विचबरोबर ट्रॅकरही मेला. आत छोटी बॅकअप बॅटरी असते, ती नवी असताना काही तास खेचते, म्हणून बसवल्यावर सुरुवातीला तक्रार येत नाही आणि बॅटरी थकली की येते. म्हणजे दोष पहिल्या दिवसापासून होता, दिसला नंतर. टेबलावर डिव्हाइस चालणार नाही तर काय होणार, तिथे सप्लाय कोणी कापत नाही ना.
दुसरी जागा म्हणजे अर्थ (अर्थिंग). काळी वायर डॅशबोर्डमागच्या कुठल्याही स्क्रूला गुंडाळलेली असते, स्क्रूवर रंग, खाली प्लास्टिक. मल्टीमीटर लावला की व्होल्टेज पूर्ण दिसतो कारण मीटर करंट ओढत नाही. लोड आला की कळतं. टूजीवर (जुन्या मोबाइल नेटवर्कवर) पाठवताना मोडेम (नेटवर्कशी बोलणारा भाग) अगदी थोड्या वेळासाठी २ अँपिअरपर्यंत ओढतो, खराब अर्थवर तेवढ्यात व्होल्टेज कोसळतो, डिव्हाइस रीसेट होतं, परत चालू, परत पाठवायला गेलं की परत रीसेट. लॉगमध्ये दर मिनिटाला लॉगिन दिसेल आणि लोकेशन एकही नाही. त्यामुळे मीटर मिनिमम रेकॉर्ड करायच्या मोडवर ठेवा, डिव्हाइसच्या प्लगवरच ठेवा आणि स्टार्टर मारायला सांगा. २४ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना किती खाली जातोय ते बघा, १२ व्होल्टची गाडी असेल तर जास्तच काळजीने बघा, बरीच डिव्हाइसं ९ व्होल्टच्या खाली टिकत नाहीत.
फ्यूज बॅटरीच्या बाजूला असावा, डिव्हाइसच्या बाजूला नाही. आणि कृपा करून वायर पिळून टेप मारू नका, थरथरीत ते टिकत नाही. क्रिम्प करा (धातूची नळी दाबून जोडा), वर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

नवा_टेक्निशियन
दादा एक विचारतो, आमच्याकडे कट-ऑफ स्विच नाहीये तरी गाडी रात्री गायब होते. बॅटरीवरून थेट सप्लाय घेतलाय, स्वतः तपासलाय.

सोल्डर_आणि_क्रिम्प
मग ती मेली नाहीये भाऊ, झोपली आहे. इग्निशन बंद झालं की ठराविक मिनिटांनी स्लीप मोड, हे सेटिंग बहुतेक डिव्हाइसात कारखान्यातूनच चालू येतं. डीप स्लीपमध्ये मोडेमही बंद होतो. झोपेतही तासाला एक मेसेज असं सेट करा, आणि सर्व्हरवर ऑफलाइनची मर्यादा त्याहून जास्त ठेवा, म्हणजे उगाच लाल होणार नाही.

पॅकेट_बघणारी
यात माझी एक भर. कधी कधी डिव्हाइस जागं असतं, त्याला वाटतं मी जोडलेलो आहे, आणि सर्व्हरला वाटतं हे गेलं. मोबाइल कंपनीचं नेटवर्क बराच वेळ शांत असलेलं टीसीपी कनेक्शन (डिव्हाइस आणि सर्व्हरमधला जोड) मधल्यामध्ये गुपचूप सोडून देतं, दोन्ही टोकांना कळवत नाही. गाडी उभी, मेसेज तासाला एक, तेवढ्यात रस्ता बंद. हार्टबीट (मी आहे एवढंच सांगणारा छोटा मेसेज) दर दोन-चार मिनिटांनी ठेवला की ते उघडं राहतं. ज्या गाड्या उभ्या असतानाच गायब होतात आणि इग्निशन चालू केल्यावर थोड्या उशिराने येतात तिथे हे आधी बघा.
सिग्नल बघताना सीएसक्यूचा (मोबाइल सिग्नलच्या ताकदीचा) आकडा येतो ना, तो ० ते ३१ असतो आणि ९९ म्हणजे माहीत नाही. काही जण ९९ बघून खूश होतात. दुप्पट करून त्यात उणे ११३ मिळवले की डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) सिग्नल कळतो, म्हणजे १० ला उणे ९३, तिथून खाली रडारड सुरू.
आणि जुनी मॉडेलं असतील तर मोडेम कुठल्या पिढीचा आहे ते आत्ताच एका यादीत लिहून ठेवा. अमेरिकेत एटी अँड टीने २०१६ च्या अखेरीला टूजी बंद केलं आणि २०२२ च्या फेब्रुवारीत थ्रीजी. जिथे नेटवर्क बंद झालं तिथलं डिव्हाइस कितीही चांगलं असलं तरी त्याला बोलायला कोणी उरत नाही. तुमचे कंटेनर देशोदेशी फिरतात, म्हणून तुम्हाला हे जास्त लागू आहे.

डेपो_डेस्क
लॉग काढला. रात्रीचे ट्रक बहुतेक तिसऱ्या प्रकारातले निघाले, मधल्या काळाचा डेटा नंतरही आलेला नाही, आणि सगळ्यांना कट-ऑफ स्विच आहे. वायरिंगचं काम लावलंय. आता ती रस्त्याच्या लांब दिसणारी बॅच. पॅटर्न असा की एका पट्ट्यात गाडी जवळजवळ बरोबर दिसते, मग पुढे जाईल तसा ठिपका सरकत जातो, ३०-४० किलोमीटरपर्यंत, आणि मग एकदम उडी मारून परत बरोबर!

पॅकेट_बघणारी
दादा, हा पॅटर्न तुम्ही इतका नीट लिहिलात की उत्तर त्यातच आहे. डिव्हाइस निर्दोष आहे, डिकोडर (सर्व्हरवर मेसेज वाचणारा प्रोग्राम) चुकतोय.
जीपीएस चिप जागा अंश आणि मिनिटांत देते, म्हणजे २५३०.६० असं आलं तर ते २५ अंश ३०.६० मिनिटं. मिनिटांना ६० ने भागायचं, ०.५१, म्हणून खरी जागा २५.५१ अंश. तुमच्या सर्व्हरवर कोणीतरी फक्त दशांशचिन्ह सरकवून २५.३०६ वाचतंय. फरक ०.२०४ अंश, अक्षांशात साधारण २२ किलोमीटर. मिनिटं ० च्या आसपास असली की फरक जवळजवळ शून्य, ६० च्या जवळ गेली की ०.४ अंश म्हणजे सुमारे ४४ किलोमीटर, आणि पुढचा अंश सुरू झाला की परत शून्य. म्हणूनच ती उडी. एका मॉडेलच्याच गाड्या असतील बघा, कारण प्रोटोकॉल (मेसेज लिहायची पद्धत) मॉडेलप्रमाणे बदलतो. डिकोडरमध्ये दुरुस्ती होईल, गाडीला हात लावायची गरज नाही. जुना डेटासुद्धा परत मोजून दुरुस्त करता येतो, तो टाकू नका.
असाच अजून एक ओळखीचा प्रकार म्हणजे गाडी आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात दिसते. ते ०,० आहे, फिक्स नसताना डिव्हाइस शून्य पाठवतं आणि सर्व्हर ते खरं मानतो. फिक्स वैध आहे की नाही याचा एक बिट मेसेजमध्ये असतो, तो वाचा.
आणि एकच पॉइंट चारचार वेळा येत असेल तर सर्व्हरची पोचपावती तपासा. टेल्टोनिका कंपनीच्या प्रोटोकॉलमध्ये किती रेकॉर्ड मिळाले तो आकडा सर्व्हरने परत द्यायचा असतो, तो आला नाही किंवा जुळला नाही तर डिव्हाइस तोच गठ्ठा परत पाठवत राहतं आणि नवीन डेटा मागे तुंबतो. वरवर बघणाऱ्याला वाटतं डिव्हाइस अडकलं.

सोल्डर_आणि_क्रिम्प
उभी गाडी फिरते त्याचं मी घेतो. मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरची चूक नॉर्मल आहे, पण शेडखाली किंवा उंच भिंतीजवळ सिग्नल आदळून येतो, मग ठिपका पन्नास-शंभर मीटर इकडे तिकडे नाचतो. प्रत्येक नाच जोडला की किलोमीटर वाढतात. इग्निशनची वायर खरंच इग्निशनला जोडलेली आहे का ते बघा, कारण इग्निशन बंद असताना जागा गोठवायची सोय बऱ्याच डिव्हाइसांत असते, पण वायर कायम सप्लायला जोडून दिली तर डिव्हाइसला गाडी कायम चालू वाटते. व्होल्टेजवरून इग्निशन ओळखायचा मोड असेल तर २४ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टचा आकडा ठेवलेला सापडतो, मग तिला कायमच चालू धरलं जातं.
उलटं पण होतं. किलोमीटर कमी भरतात. ताशी ६० ने दर ३० सेकंदाला पॉइंट म्हणजे ५०० मीटरला एक, वळणांच्या रस्त्यावर सगळी वळणं सरळ रेघेत कापली गेली. दिशा बदलली की पॉइंट द्यायचं सेटिंग चालू करा, वेळ कमी करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.
अँटेनाचं तर एकच सांगतो. सिरॅमिकची बाजू आकाशाकडे, वर धातू नको. काही विंडशील्डवर उष्णता अडवणारा धातूचा अगदी पातळ थर असतो, त्यामागे जीपीएस अर्धमेलं होतं आणि काच तर साधीच दिसते. फक्त उपग्रहांची संख्या बघू नका, प्रत्येकाची ताकद बघा. ४० डीबी-हर्ट्झच्या आसपास असेल तर छान, सगळेच २५-३० वर असतील तर वर काहीतरी आडवं आहे.

यार्ड_सुपरवायझर
कंटेनरवर अजून कोणी बोललं नाही म्हणून मी येतो. गाडीचा अनुभव इथे अर्धाच चालतो.
पहिलं, कंटेनर म्हणजे पोलादाची बंद पेटी. आत ठेवलेल्या डिव्हाइसला आकाशही नाही आणि नेटवर्कही नाही. बाहेर, दाराच्या बाजूला, नागमोडी पत्र्याच्या खोलगट भागात बसवायचं म्हणजे शेजारचा कंटेनर घासत नाही. पण बसवणं कितीही चांगलं असलं तरी थप्पीच्या मधे किंवा जहाजाच्या पोटात गेला की आकाश बंद. हा बिघाड नाही. आणि किनारा सुटला की मोबाइल टॉवर संपले, मग उपग्रहावरून बोलणारा मोडेम असेल तरच आवाज येतो, इरिडियमसारखा, त्यांचे ६६ उपग्रह अख्खी पृथ्वी झाकतात, पण त्यालाही वर मोकळं आकाश लागतंच. त्यामुळे समुद्रातल्या शांततेवर अलार्म लावू नका, जहाजाचं वेळापत्रक सिस्टीमला जोडा आणि बंदरात उतरल्यावर ठराविक वेळात बोलला नाही तर अलार्म.
आता बॅटरी. डेपोवाले दादा, तुमची बॅटरी मेसेज पाठवून संपत नाहीये, शोधून शोधून संपतेय. विचार करा, डिव्हाइस तासाला उठतं, आकाश नाही, तीन मिनिटं उपग्रह शोधतं, मिळत नाही, मग नेटवर्क शोधतं, सगळे बँड चाळून बघतं, तेही मिळत नाही, झोपतं, तासाने परत तेच. यशस्वी मेसेज काही सेकंदात उरकतो, अपयशी प्रयत्न कित्येक पट महाग. त्यात भर म्हणजे हालचालीवर जागं व्हायचं सेटिंग. जहाज डोलतं, इंजिनाची थरथर असते, सेन्सरला वाटतं कंटेनर निघाला, आणि अख्खा प्रवासभर डिव्हाइस चालत्या गाडीच्या वेगाने प्रयत्न करत राहतं.
उपाय असा की फिक्सच्या प्रयत्नाला वेळेची मर्यादा घाला, आणि सलग अपयश आलं की मधलं अंतर वाढवत न्या, एक तास, मग दोन, चार, बारा. पहिल्यांदा नेटवर्क मिळालं की परत नेहमीच्या अंतरावर. आमच्याकडे हे सेटिंग बदलल्यावर जहाजावरून उतरलेल्यांपैकी मुक्यांची संख्या स्पष्ट कमी झाली.

नवा_टेक्निशियन
सुपरवायझर साहेब, कंटेनरच्या डिव्हाइसला कमांड पाठवली की उत्तरच येत नाही. एसएमएसपण करून बघितला.

यार्ड_सुपरवायझर
ते ऐकतच नाहीये. कमी विजेच्या नेटवर्कवरची डिव्हाइसं पॉवर सेव्हिंगमध्ये गेली की नेटवर्कला सांगून जातात, मी स्वतः उठेन तेव्हाच बोला. तोवर बाहेरून हाक मारून उपयोग नाही. कमांड सर्व्हरवर रांगेत ठेवायची आणि डिव्हाइसने पुढचा मेसेज दिला की त्या खिडकीत द्यायची. घाईत पाच-सहा वेळा तीच कमांड रांगेत टाकू नकोस, उठल्यावर सगळ्या एकदम जातात, आणि रीस्टार्टची कमांड असेल तर काय होईल विचार कर.
अजून एक, थंडीत किंवा बरेच दिवस पडून राहिलेलं डिव्हाइस. न चार्ज होणाऱ्या लिथियम थायोनिल क्लोराइडच्या ३.६ व्होल्टच्या सेलवर पडून राहिल्याने आत एक थर बसतो, त्यामुळे पहिल्या मोठ्या झटक्याला व्होल्टेज पडतो. बॅटरी संपली समजून फेकू नका, हळू लोड दिला की थर मोडतो. चांगल्या डिझाइनमध्ये शेजारी कॅपॅसिटर असतो तो याचसाठी. आणि सोलरवाल्यांत लिथियम आयन असते, ती शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नसते म्हणून सर्किट चार्जिंग बंद ठेवतं, ऊन लख्ख असलं तरी. पॅनेलवरची धूळ मात्र पुसा, ती कोणत्याही हवामानात नडते.

डेपो_डेस्क
हे सगळं सोन्यासारखं आहे, खरंच मनापासून आभार. अजून एक विचित्र केस. एक ट्रक, मोबाइल नेटवर्क उत्तम, मेसेज वेळेवर, पण उपग्रह शून्य. यार्डात आला, इंजिन बंद केलं की फिक्स मिळतो. अँटेना बदलून झाला.

पॅकेट_बघणारी
इंजिन बंद केल्यावर अँटेना सुधारत नाही. लायटर सॉकेटमध्ये काय लावलंय ते बघा. निकृष्ट फोन चार्जरही गोंगाट करतो, आणि जॅमर (सिग्नल दाबणारं यंत्र) असेल तर त्याच ट्रकशेजारी उभ्या असलेल्या गाड्यांचे उपग्रहही त्याच वेळेला गायब झालेले लॉगमध्ये दिसतील, ते जुळवून बघा, ड्रायव्हरवर आरोप करायच्या आधी. जमिनीवर पोचेपर्यंत जीपीएसचा सिग्नल उणे १३० डीबीएमच्या आसपास असतो, तो दाबायला फार ताकद लागत नाही. अमेरिकेत न्यूअर्क विमानतळाजवळ एका कामगाराने मालकाच्या ट्रॅकरपासून लपायला गाडीत जॅमर ठेवला होता, त्याने विमानतळाच्या उपग्रह-यंत्रणेत अडथळा आला आणि २०१३ मध्ये एफसीसीने (तिथल्या दूरसंचार नियामकाने) त्याला सुमारे ३२ हजार डॉलरचा दंड प्रस्तावित केला. ड्रायव्हरला हे शांतपणे समजावून सांगा, आणि त्याच्या सुट्टीच्या वेळात ट्रॅकिंग बंद राहील अशी सोय करा. लपावंसं का वाटतंय त्याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.
समुद्रावर याहून मोठं घडतं. २०१७ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळ काही जहाजांना आपण जमिनीवरच्या विमानतळावर आहोत असं दिसत होतं. खोटा सिग्नल असला की उपग्रह भरपूर, ताकद छान, जागा चूक. त्यामुळे अनेक कंटेनर एकाच क्षणी एकाच अशक्य ठिकाणी गेले तर डिव्हाइसांना दोष देऊ नका, मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या जागेशी ताडून बघा.

सोल्डर_आणि_क्रिम्प
आणि एकाच मॉडेलची सगळी डिव्हाइसं एकाच दिवशी गेली तर वायरिंग उघडू नका, तारीख बघा. जीपीएस आठवडे मोजतं आणि जुन्या मेसेजमध्ये त्या आकड्याला १० बिटच आहेत, १०२४ आठवड्यांनी शून्य. ऑगस्ट १९९९ ला झालं, ६ एप्रिल २०१९ ला झालं, पुढचं नोव्हेंबर २०३८ ला. पण काही चिप्सच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या प्रोग्राममध्ये) स्वतःची वेगळी गडबडीची तारीख दडलेली असते. डिव्हाइस साडेएकोणीस वर्षं मागची तारीख पाठवतं, जागा मात्र अचूक, आणि सर्व्हर जुना डेटा म्हणून टाकून देतो. फर्मवेअर मिळालं तर ते टाका, नाही मिळालं तर सर्व्हरवर त्या मॉडेलपुरते १०२४ आठवडे मिळवा.

डेपो_डेस्क
लायटर सॉकेटमध्ये चार्जरच निघाला, तो काढला की १२ उपग्रह. ड्रायव्हरला दुसरा चार्जर दिला. डिकोडरपण दुरुस्त झाला. आता फक्त एक कंटेनर राहिलाय जो कागदावर एका बंदरात आणि नकाशावर दुसऱ्याच. लॉगमध्ये तिन्ही वेळा एकदम ताज्या.

यार्ड_सुपरवायझर
मग डिव्हाइस खरं बोलतंय, जोडी चुकली आहे. बसवताना दोन डिव्हाइसं शेजारच्या कंटेनरवर अदलाबदल झाली असणार. कंटेनर नंबरचा अकरावा आकडा हा तपासणीचा असतो, तो टायपिंगची चूक पकडतो, पण बरोबर नंबरला भलताच आयएमईआय (डिव्हाइसचा स्वतःचा नंबर) जोडला तर तो काही करू शकत नाही. ज्या दिवशी हा बसवला त्या दिवशी शेजारी कुठला बसवला ते काढा आणि त्याचीही जागा कागदाशी जुळत नाहीये का बघा. जुळत नसेल तर सिस्टीममध्ये दोघांचे आयएमईआय उलटे करा. पुढच्या वेळी बसवल्यावर एकाच फोटोत डिव्हाइसचं लेबल आणि कंटेनरचा नंबर दोन्ही यायला हवेत, आणि फोटो यार्ड सोडायच्या आधी अपलोड व्हायला हवा.

डेपो_डेस्क
शेजारचा सापडला. तोही कागदाप्रमाणे जिथे असायला हवा तिथे नाही, पहिल्याच्या बंदरात दिसतोय. आयएमईआय उलटे केले, दोन्ही ठिपके जागेवर.